वाचक विचारतात : आपल्यावर राज्य कुणाचं?

मागच्या अंकात मी एक ओळ लिहिली होती, की परग्रहवासी हल्ला करून येतात त्या गोष्टींपेक्षा ते आधीच येऊन बसलेत आणि आपल्याला पत्ताच नाही, या गोष्टी मला जास्त आवडतात. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेल आले की या वेळचं सदर त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि एका पत्राला मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : ताई, माझा मुलगा म्हणतो की परग्रहवासी लपून आपल्यावर राज्य करतात ही आयडियाच मुळात त्या काळ्या चष्म्याच्या इंग्लिश पिक्चरमधून आली. मला वाटतं त्याच्या आधीही असणार. कोण बरोबर?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही बरोबर, आणि गोष्ट बरीच जुनी आहे. तो पिक्चर म्हणजे जॉन कारपेंटरचा 'दे लिव्ह', १९८८ चा. तो ज्या कथेवरून काढला ती रे नेल्सनची 'एट ओ'क्लॉक इन द मॉर्निंग', १९६३ ची, अगदी छोटी. तिच्यात चष्मा नाहीच. संमोहनाच्या कार्यक्रमात काही जणांना संमोहित केलेलं असतं, शेवटी संमोहन करणारा त्या सगळ्यांना 'जागे व्हा' म्हणतो आणि त्यातला एक माणूस एकटाच पुरता जागा होतो. मग त्याला दिसतं की आजूबाजूच्या गर्दीत मधूनमधून माणसं नाहीतच, साप-सरड्याच्या जातीचे कुणीतरी आहेत आणि तेच सगळ्यांना हुकूम देतायत. त्याला फोन येतो, उद्या सकाळी आठला तू मरणार. तो टीव्ही स्टेशनवर पोचतो, लोकांना जागं करतो, लोक उठतात, आणि हा आठच्या ठोक्याला हार्ट अटॅकने जातोच. मला हा शेवट जबरदस्त वाटतो, सगळं ओळखलं तरी हुकूम आधीच शरीरात उतरलेला होता.

त्याच्या आधी १९३९ मध्ये एरिक फ्रँक रसेल या इंग्लिश लेखकाची 'सिनिस्टर बॅरियर' आली, 'अननोन' मासिकाच्या पहिल्याच अंकात. त्यात डोळ्यांना न दिसणारे निळसर गोळे हवेत तरंगत असतात आणि माणसाच्या भावनांवर जगतात, राग, भीती, द्वेष हे त्यांचं खाणं, म्हणून ते आपल्यात भांडणं आणि लढाया लावून देतात. आपण त्यांची गुरं. ज्या शास्त्रज्ञांना हे कळतं ते एकेक करून मरतात. आणि या कल्पनेचं मूळही रसेलने लपवलेलं नाही, चार्ल्स फोर्ट नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९१९ च्या पुस्तकात लिहून ठेवलं होतं की मला वाटतं आपण कुणाच्या तरी मालकीचे आहोत.

मुलाला सांगा की १९३९ ला युरोपात युद्ध पेटायच्या बेतात असताना एक लेखक म्हणतोय की आपल्याला लढवण्यात कुणाचा तरी फायदा आहे. त्या वर्षी ते वाचणाऱ्याला कसं वाटलं असेल याचा विचार करून वाचलं की कथा वेगळीच लागते.

प्रश्न : मी तो चष्म्याचा पिक्चर बघितला. सगळं ठीक पण मधे दोन मित्रांची गल्लीत मारामारी आहे ती संपतच नाही, पाच मिनिटांच्या वर. एवढी कशाला?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कारण माझ्या मते अख्खा पिक्चर त्या मारामारीतच आहे. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लॉस एंजेलिस शहर, कामाच्या शोधात आलेला एक मजूर, राहायला बेघर लोकांची वस्ती, ती वस्ती पोलीस बुलडोझर आणून उद्ध्वस्त करतात. त्याला चर्चमध्ये लपवलेल्या खोक्यातले गॉगल सापडतात. एक घालून तो रस्त्यावर बघतो तर जाहिरातींचे रंगीत फलक गायब, पांढऱ्यावर काळी मोठी अक्षरं, 'आज्ञा पाळा', 'खरेदी करा', 'झोपून राहा'. नोटेवर लिहिलेलं, 'हा तुमचा देव'. आणि महागड्या कपड्यातल्या बऱ्याच लोकांना चेहऱ्यावर कातडीच नाही, नुसता सापळा आणि बटबटीत डोळे.

मग तो आपल्या मित्राला म्हणतो, फक्त एकदा हा चष्मा घालून बघ. आणि मित्र नाही म्हणतो. बास, एवढ्यावरून ती मारामारी. आता मित्र वाईट आहे का, अजिबात नाही, त्याची बायको-मुलं लांब डेट्रॉइटला आहेत, तो इथे राबून पैसे मिळवतो, त्याचं म्हणणं एवढंच की मी कुणाच्या अध्यात ना मध्यात, मला माझं काम करू दे. बघायला फुकट आहे, दोन सेकंदांचं काम आहे, तरी माणूस जीव तोडून मार खातो पण बघत नाही, कारण एकदा बघितलं की मग परत कामावर जाता येणार नाही हे त्याला आतून माहीत आहे. हे एका मिनिटात उरकलं असतं तर आपल्याला पटलंच नसतं.

आणि शेवटाकडचा मेजवानीचा सीन परत बघा. परग्रहवाले तिथे माणसांना थँक यू म्हणायला जमलेत, ज्या माणसांनी त्यांना साथ दिली त्यांना. त्यात सुरुवातीच्या बेघर वस्तीतलाच एक जण कोट-बो घालून उभा आहे आणि समजावून सांगतो की आपण सगळे रोजच स्वतःला विकतो, मग जिंकणाऱ्या बाजूला का नको. त्याला कुणी संमोहित केलेलं नाही, त्याला सगळं दिसतंय आणि तरी त्याने हो म्हटलंय. या प्रकारच्या गोष्टी मी त्यावरूनच तोलते, की माणसं हो का म्हणतात हे लेखकाने दाखवलंय का. ते दाखवलं नसेल तर परग्रहवासी कितीही भयानक काढा, गोष्ट पोकळ.

प्रश्न : आमच्या गावी अंगात येणं, झपाटणं हे सगळं लहानपणी बघितलंय. मग ही परग्रहवाल्यांनी माणसाचा ताबा घेण्याची गोष्ट म्हणजे तेच ना, नुसते नवीन कपडे घातलेले?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : अर्धं तेच, अर्धं एकदम उलटं. रॉबर्ट हाइनलाइनची 'द पपेट मास्टर्स' (१९५१) तुम्ही वाचलीत तर तुम्हाला घरचंच वाटेल, कारण त्यात गोगलगायीसारखे लिबलिबीत जीव माणसाच्या पाठीवर, मानेच्या खाली चिकटून बसतात आणि तो माणूस त्यांच्या तालावर चालतो, म्हणजे अक्षरशः मानगुटीवर बसलेलं भूत. मग सरकार फतवा काढतं की सगळ्यांनी पाठ उघडी ठेवून फिरायचं. त्यात सस्पेन्स भारी आहे, पण माणसाला तिथे निवडच नाही, चिकटलं की संपलं, म्हणून मी ती थोडी खाली ठेवते.

उलटं कुठे आहे ते जॅक फिनीच्या 'द बॉडी स्नॅचर्स' मध्ये बघा, १९५५ चं पुस्तक, पुढच्याच वर्षी डॉन सीगलचा पिक्चर आला. आपल्याकडे अंगात आलं की केस मोकळे, घुमणं, आवाज बदललेला, सगळ्या गावाला कळतं. फिनीकडे काहीच होत नाही. एक बाई डॉक्टरला सांगते की हे माझे काका नाहीत. काका समोर लॉनवर गवत कापतायत. चेहरा तोच, मानेवरचा व्रण तोच, लहानपणीची आठवण विचारली तर ती पण बरोबर सांगतात. मग काय बिघडलं? ती म्हणते, माझ्याशी बोलताना त्यांच्या डोळ्यात जे असायचं ते नाहीये. बास एवढंच. ना किंचाळी ना रक्त. आणि गावातल्या एकेकाच्या जागी परग्रहवाल्यांची हुबेहूब नक्कल येत जाते तसं ज्यांनी आधी तक्रार केली तेच एकेक करून येऊन सांगतात, छे, उगाच वाटलं होतं, आता सगळं ठीक आहे. ते 'आता सगळं ठीक आहे' वाचताना माझ्या अंगावर काटा येतो.

त्या काळची अमेरिका लक्षात घ्या, 'ब्रेनवॉशिंग' हा शब्द तिकडच्या पेपरांत १९५० मध्ये आला, शेजारी कम्युनिस्ट असेल का ही भीती एका बाजूला आणि शेजाऱ्याने आपल्यालाच कम्युनिस्ट म्हणून पकडून दिलं तर ही भीती दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजूंचे लोक तो पिक्चर आपलाच आहे म्हणतात आणि मला दोघांचंही पटतं.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. बाहेरचा जीव येऊन दुसऱ्याचा मेंदू कंट्रोल करतो हे बायोलॉजीत शक्य आहे का?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : पृथ्वीवर रोज चालू आहे गं. मेंढ्यांच्या यकृतात राहणारी एक चपटकृमी आहे, लॅन्सेट फ्लूक म्हणतात. तिची अंडी मेंढीच्या लेंडीतून बाहेर, ती अंडी गोगलगाय खाते, गोगलगायीच्या चिकट स्रावातून पिल्लं मुंगीत जातात. आता मुंगीतून परत मेंढीत जायचं कसं, मेंढी काय मुंग्या खात नाही. तर बाकीच्या कृमी मुंगीच्या पोटात थांबतात आणि एखादी डोक्यातल्या मज्जातंतूंजवळ जाऊन बसते. संध्याकाळी हवा गार झाली की ती मुंगी वारूळ सोडून गवताच्या पात्याच्या टोकाला चढते, जबड्याने पातं घट्ट धरते आणि लटकून राहते. मेंढी गवत खाते, काम झालं. नाही खाल्लं तर ऊन वर आल्यावर मुंगी खाली उतरते आणि दिवसभर नेहमीसारखी कामं करते. उन्हात वाळून मेली तर कृमीचं पण नुकसान ना.

मुंग्यांना झाडावर चढवणारी बुरशी, ऑफिओकॉर्डिसेप्स, ती पण वाच. २०१७ मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की बुरशी मुंगीच्या शरीरभर स्नायूंभोवती जाळं विणते पण मेंदूच्या आत शिरत नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर. या जिवांनी एकेका यजमानाबरोबर लाखो वर्षं काढलीत, कुठला धागा ओढला की काय हलतं हे उत्क्रांतीत घासून घासून जमलंय. दुसऱ्या ग्रहावरून आलेल्याची आपल्या मज्जासंस्थेशी ओळखच नाही, त्यामुळे उतरल्या उतरल्या ताबा घेणं मला तरी अशक्य वाटतं. लेखकाला हे चालवायचं असेल तर ते फार पूर्वीपासून इथे आहेत असं तरी दाखवावं लागेल, नाहीतर शरीर सोडून पैसा, बातम्या, नोकऱ्या यांच्यावर ताबा दाखवावा लागेल.

प्रश्न : मराठीत या प्रकारचं काय वाचू?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : हुबेहूब याच साच्यातलं सुचवणार नाही, पण जयंत नारळीकरांचं 'वामन परत न आला' याच्या शेजारी ठेवून वाचा. जमिनीखाली गाडलेली एक पेटी सापडते, तिच्यातल्या ज्ञानाच्या जोरावर वामन नावाचा यंत्रमानव तयार होतो, आणि हे ज्ञान मागे ठेवून गेलेल्यांचं काय झालं ते उलगडत जातं. इथे परग्रहवासी नाहीत, पण फुकट मिळालेलं ज्ञान स्वीकारताना माणूस कशावरचा ताबा सोडतो हा प्रश्न अगदी तोच. बळीने तीन पावलं जमीन दिली ती गोष्ट आपल्याला पाठ असल्यामुळे मराठी वाचक नाव ऐकूनच सावध होतो. २०२५ च्या मे महिन्यात सर गेले, त्यांची पुस्तकं घरात असतील तर मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवा.

प्रश्न : ताई, हे गोष्टीबद्दल नाहीये. माझा धाकटा भाऊ इंजिनियर आहे, नोकरी गेल्यापासून घरीच असतो, रात्र रात्र व्हिडिओ बघतो. म्हणतो की जगातले सगळे मोठे नेते आणि बँकवाले सरड्यांच्या वंशाचे आहेत, माणसाचं रूप घेऊन बसलेत. काही बोललं की म्हणतो तुम्ही सगळे झोपलेले आहात. जेवताना रोज भांडणं, आईने आता जेवायला एकत्र बसणंच बंद केलंय. तुम्ही या विषयावर लिहिता म्हणून विचारते, काय करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही विचारलंत हे बरं केलंत. आधी एक गोष्ट तपासा. तो घरातल्याच कुणाबद्दल, आईबद्दल म्हणा, 'ही खरी आई नाही' असं म्हणतो का, त्याला एकट्याला आवाज ऐकू येतात का, झोप पार उडाली आहे का? फिनीच्या गोष्टीतल्या त्या बाईसारखी अवस्था खऱ्या आयुष्यात असते, १९२३ मध्ये फ्रान्समध्ये जोसेफ काप्ग्रा या डॉक्टरांनी तिची नोंद केली, आणि त्यावर उपचार होतात. असं काही दिसलं तर वाद एकदम बंद, सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. कुणाकडे जायचं कळत नसेल तर सरकारची टेली-मानस लाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं. यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही.

तसं काही नसेल आणि नुसते व्हिडिओच असतील तर थोडी माहिती घ्या, कारण त्याला ती कुणी दिलेली नसते. हे सरड्याचं प्रकरण डेव्हिड आइक नावाच्या इंग्लिश माणसाने १९९० च्या दशकात पसरवलं. पण 'मूठभर लोक लपून जग चालवतात' हा साचा त्याच्याहून जुना आणि फार घाणेरडा आहे. १९०३ मध्ये रशियात ज्यूंच्या गुप्त बैठकांची म्हणून काही टिपणं छापली गेली, १९२१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने दाखवून दिलं की ती एका जुन्या फ्रेंच पुस्तकातून, ज्यात ज्यूंचा विषयच नव्हता, उचलून बनवलेली आहेत. तरी नाझींनी तीच शाळांमधून शिकवली, पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. म्हणजे ज्याला हा साचा पटतो त्याच्या साच्यात उद्या परग्रहवासी काढून कुणीही एखादी जमात भरू शकतं. 'दे लिव्ह' वर पण हाच प्रयोग झाला, काही लोक म्हणायला लागले की ते सापळे म्हणजे ज्यू, तेव्हा जानेवारी २०१७ मध्ये कारपेंटरला स्वतः ट्वीट करून सांगावं लागलं की पिक्चर बेलगाम भांडवलशाहीबद्दल आहे, ज्यूंच्या राज्याशी त्याचा काही संबंध नाही आणि तसं म्हणणं हे खोटं आणि बदनामी आहे.

हे सगळं त्याच्यावर एका बसकीत ओतू नका. मी तुमच्या जागी असते तर एकच प्रश्न शांतपणे विचारला असता, की काय दिसलं तर तू म्हणशील, हे खोटं होतं? चांगल्या गोष्टीत लेखक ओळखायची खूण देतो, चष्मा असतो, पाठीवर उंचवटा असतो, १९६७ च्या 'द इन्व्हेडर्स' मालिकेत करंगळी वाकत नसे. खूण आहे म्हणजे तपासता येतं, आणि तपासल्यावर समोरचा साधा माणूसही निघू शकतो. त्या व्हिडिओंमध्ये खूणच नसते, पुरावा मिळाला तर खरं आणि नाही मिळाला तर 'बघा कसा लपवला'. त्याच्याकडे उत्तर नसेल तर तिथे थांबा, जिंकल्यासारखं करू नका.

आणि त्याचा राग खोटा समजू नका. नोकरी गेली आहे, कुणीतरी कुठेतरी बसून निर्णय घेतला आणि याला तोंडही दाखवलं नाही, हे त्याच्या बाबतीत खरंच घडलंय. लपवाछपवी पण जगात खरंच होते. अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी १९५४ मध्ये चारशेच्या वर वर्तमानपत्रांत जाहिरात दिली की सिगारेटने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं नाही, आणि पुढे पन्नास वर्षं त्याच सुरात बोलत राहिल्या. त्यांचेच आतले कागद बाहेर आले, आणि २००६ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी निकाल दिला की या कंपन्यांनी कट करून लोकांना फसवलं. तिथे नावं आहेत, तारखा आहेत, सह्या आहेत, कोर्टाचा निकाल आहे. त्याला शोधायची आवड असेल तर अशा प्रकरणात शोधू दे, इंजिनियर आहे, कागद वाचता येतात त्याला. आणि आईला सांगा जेवायला परत एकत्र बसा, ताटावर हा विषय काढायचा नाही एवढं ठरवून. तो एकटा खोलीत जेवला तर त्याच्याशी बोलणारे फक्त ते व्हिडिओच उरतील.

तुमचं उत्तर छापायच्या आधी मी तुम्हाला मेल पण केलाय, जरूर लिहा.

प्रश्न : या वर्षी दिवाळी अंकासाठी अशी एक कथा लिहितोय. टिप्स द्या ना.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : चष्मा वापरू नका, तो झाला. आधी ठरवा की त्यांना आपल्याकडून पाहिजे काय. कर्ट व्हॉनेगटच्या 'द सायरन्स ऑफ टायटन' (१९५९) मध्ये अख्खा मानवी इतिहास परग्रहवासीयांनी वळवलेला असतो, कशासाठी, तर शनीच्या टायटन या चंद्रावर त्यांचा एक निरोप्या यान बिघडून अडकलाय, त्याला एक स्पेअर पार्ट पोचवायला. चीनची भिंत म्हणजे त्याला वरून वाचता यावा म्हणून दिलेला निरोप, की धीर धर, आम्ही तुला विसरलो नाही. आणि तो पार्ट केवढा, तर टिनचा डबा उघडायच्या किल्लीएवढा. इतकं छोटं कारण असल्यामुळेच ते छातीत रुततं. तुमच्या परग्रहवाल्यांना जग जिंकायचंच असलं पाहिजे असं नाही.

मग जागा लहान घ्या. न्यूयॉर्क नको. नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिश आहेत, पण तिथे सगळेच जातात, त्यापेक्षा हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा घ्या. सेक्रेटरी ठराव वाचतो, कुणाला नीट ऐकू जात नाही, 'सर्वानुमते मंजूर' म्हणतो आणि सगळे हात वर जातात. दुसऱ्या सभेत ठराव असा असतो की बाराव्या नंबरच्या फ्लॅटमधल्यांशी बोलायचं नाही, कारण दिलेलं नाही, तरी हात वर. मेंटेनन्स मात्र खरंच निम्मा झालेला असतो, लिफ्ट कधी बंद पडत नाही, पाणी चोवीस तास. तुमच्या नायिकेला हे सगळं मिळतंय. तिचा हात वर जातो की नाही यावर कथा उभी करा, आणि परग्रहवासी पूर्ण दाखवायच्या भानगडीत पडू नका, सेक्रेटरीच्या बोलण्यात एखादी खूण पुरे.

शब्दमर्यादा आधी संपादकांना विचारून घ्या, आणि कथा ऑगस्ट उजाडायच्या आत पाठवा.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, यातलं आधी काय देऊ?
— एक वाचक, पुणे

उत्तर : रे नेल्सनची छोटी कथा. इंग्लिश सोपं आहे, एका बैठकीत होते. फिनी पंधराव्या वर्षी, आणि तेव्हा तुम्ही पण सोबत वाचा, बोलायला बरं पडतं.